जखमी क्वार्टरबॅकचा भाव

अमेरिकी फुटबॉल हा लंबगोल चेंडू हातात घेऊन धावण्याचा आणि हाताने फेकण्याचा खेळ आहे, आणि नॅशनल फुटबॉल लीग या संघटनेच्या बत्तीस संघांमध्ये चालणाऱ्या त्याच्या व्यावसायिक स्पर्धेत क्वार्टरबॅक या एका जागेला जेवढे मोल आहे तेवढे दुसऱ्या कोणत्याही जागेला नाही. दोन्ही बाजूंचे अकरा-अकरा खेळाडू मैदानात असतात. चढाई करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते, आणि जवळपास प्रत्येक प्रयत्नात चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हाती येतो. समोरून शंभर-सव्वाशे किलो वजनाचे बचावपटू अंगावर धावून येत असताना त्याने दोन-तीन सेकंदांत मैदान वाचायचे, कोणता साथीदार मोकळा आहे हे ओळखायचे आणि वीस-तीस यार्डांवरच्या त्या साथीदाराच्या हातात चेंडू पोहोचवायचा असतो. हे काम वर्षानुवर्षे करू शकणारी माणसे इतकी कमी आहेत की धडधाकट, ऐन उमेदीतला आणि सिद्ध झालेला क्वार्टरबॅक कोणताही संघ आपण होऊन सोडत नाही. बाजारात येतो तो बहुतेक वेळा वय झालेला, शस्त्रक्रिया झालेला, किंवा दोन्ही असलेला. अशा खेळाडूसाठी किती मोजावे, हा प्रश्न दर वर्षी मार्च महिन्यात, म्हणजे नवे करार सुरू होण्याच्या सुमारास, कुठल्या ना कुठल्या संघाच्या व्यवस्थापनापुढे येऊन ठाकतो.

या खरेदीचे चलन दुहेरी असते. पहिले चलन म्हणजे ड्राफ्टमधील निवडीचे हक्क. महाविद्यालयीन फुटबॉलमधून आलेल्या नव्या खेळाडूंची दर वर्षी सात फेऱ्यांत वाटणी होते, तिला ड्राफ्ट म्हणतात. आदल्या मोसमात तळाला राहिलेल्या संघाला प्रत्येक फेरीत आधी निवड करता येते आणि विजेत्याला सर्वांत शेवटी. संघांमध्ये अदलाबदल, म्हणजे ट्रेड, होते तेव्हा खेळाडूच्या बदल्यात बहुधा रोख रक्कम न देता हे पुढील निवडीचे हक्क दिले जातात. पहिल्या किंवा दुसऱ्या फेरीचा हक्क देणे म्हणजे चार-पाच वर्षे स्वस्तात खेळू शकेल असा एक तरुण गमावणे होय. दुसरे चलन म्हणजे वेतन. प्रत्येक संघाने एका वर्षात खेळाडूंवर किती खर्च करावा याला लीगने कडक मर्यादा घातलेली आहे. २००६ मध्ये ती सुमारे १० कोटी २० लाख डॉलर होती आणि २०२४ मध्ये २५ कोटी ५४ लाख डॉलरवर पोहोचली. जखमी खेळाडूला हमी दिलेली रक्कम, तो खेळो वा न खेळो, या मर्यादेत मोजली जाते, आणि त्यामुळे चुकलेला सौदा पैशाबरोबर बाकीच्या संघाचाही घास घेतो. ज्याचा करार संपला आहे असा मुक्त खेळाडू मात्र ड्राफ्टचा हक्क न देता, फक्त पैशाच्या बोलीवर घेता येतो. हा फरक ध्यानात ठेवला, तर २००६ ते २००८ या तीन वर्षांत मायामी डॉल्फिन्स या एकाच संघाने जखमी क्वार्टरबॅकच्या बाबतीत घेतलेल्या निर्णयांकडे नुसती फजितीची कथा म्हणून पाहावे लागत नाही.

मार्च २००६ मध्ये मायामीसमोर दोन नावे होती. पहिले ड्रू ब्रीझ, सॅन डिएगो चार्जर्सचा सत्तावीस वर्षांचा क्वार्टरबॅक, उंचीने सहा फूट, म्हणजे या जागेसाठी बुटकाच समजला जाणारा. ३१ डिसेंबर २००५ रोजी, मोसमाच्या अखेरच्या सामन्यात, डेन्व्हरच्या बचावपटूच्या धडकेने त्याच्या हातून चेंडू निसटला; तो उचलायला तो खाली झेपावला आणि त्याच्यावर एक भलादांडगा खेळाडू कोसळला. उजवा खांदा, म्हणजे फेकीचाच खांदा, निखळला. खांद्याच्या उथळ खोबणीभोवती कूर्चेची एक कडा असते, तिच्यामुळे हाडाचा गोळा जागेवर राहतो. ब्रीझची ही कडा सगळीकडून फाटली होती आणि खांदा फिरवणाऱ्या स्नायूंच्या आवरणालाही इजा झाली होती. पाच दिवसांनी अलाबामातील बर्मिंगहॅम येथे डॉ. जेम्स अँड्र्यूज यांनी शस्त्रक्रिया केली. चार्जर्सनी २००४ च्या ड्राफ्टमधून फिलिप रिव्हर्स हा तरुण क्वार्टरबॅक आधीच आणून ठेवला होता, त्यामुळे त्यांनी ब्रीझला फारसे धरून ठेवले नाही आणि तो मुक्त खेळाडू झाला.

दुसरे नाव डाँटे कलपेपर याचे. मिनेसोटा व्हायकिंग्जचा हा क्वार्टरबॅक सहा फूट चार इंच उंच, सव्वाशे किलोंच्या आसपास वजनाचा आणि एवढ्या देहाला न शोभणाऱ्या वेगाने पळणारा होता. २००२ मध्ये त्याने स्वतः धावून ६०९ यार्ड आणि १० टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या अखेरच्या रेषेपलीकडे पोहोचवणे) मिळवले होते, तर २००४ मध्ये ४,७१७ यार्डांची फेक आणि ३९ टचडाउन अशी कामगिरी केली होती. ३० ऑक्टोबर २००५ रोजी कॅरोलायनाविरुद्ध खेळताना त्याच्या उजव्या गुडघ्यातील चारपैकी तीन लिगामेंट, म्हणजे हाडे एकमेकांना बांधून ठेवणारे पट्टे, एकाच वेळी फाटले. पुढचा क्रूसाकार पट्टा फाटला की नडगी पुढे सरकते, मागचा फाटला की मागे ढळते, आतल्या बाजूचा फाटला की गुडघा आत वळतो; तिन्ही एकदम गेले म्हणजे सांध्याला फारच थोड्या दिशांनी आधार उरतो. त्याचा व्हायकिंग्जशी करार होता, म्हणून तो मिळवायचा तर व्हायकिंग्जना काहीतरी द्यावे लागणार होते.

डॉल्फिन्सचे प्रशिक्षक निक सेबन यांना स्वतःला ब्रीझ हवा होता, असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. संघाच्या डॉक्टरांनी मात्र खांद्याचे चित्र पाहून अनुकूल कौल दिला नाही. मार्चच्या मध्यावर मायामीने दुसऱ्या फेरीचा निवडीचा हक्क व्हायकिंग्जना देऊन कलपेपर घेतला, आणि त्याच दिवसांत ब्रीझने न्यू ऑर्लिन्स सेंट्सशी सहा वर्षांचा, ६ कोटी डॉलरचा करार केला.

पुढचे थोडक्यात सांगायचे तर असे. सप्टेंबरमध्ये मोसम सुरू झाला तेव्हा कलपेपरच्या दुखापतीला दहा महिने आणि ब्रीझच्या दुखापतीला आठ महिने झाले होते. कलपेपर चार सामने खेळला. त्या चार सामन्यांत तो एकवीस वेळा सॅक झाला, म्हणजे चेंडू हातात असतानाच प्रतिस्पर्ध्यांनी त्याला खाली पाडले. ज्या गुडघ्यावर भार देऊन तो पूर्वी बाजूला सटकत असे, तो आता साथ देत नव्हता. जिथे पूर्वी बचावपटूला हुलकावणी मिळत असे तिथे आता मिठी बसत होती. पाचव्या सामन्यापासून तो बाकावर गेला, त्या मोसमात पुन्हा खेळला नाही आणि जुलै २००७ मध्ये संघाने त्याला मोकळे केले. ब्रीझने त्याच मोसमात ४,४१८ यार्ड फेकून लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला. आदल्या वर्षी कतरिना चक्रीवादळाने शहर बुडवल्यामुळे घरचे सामने सॅन अँटोनियो आणि बॅटन रूज येथे खेळून ३ विजय आणि १३ पराभव पदरात पडलेला तो संघ त्याने परिषदेच्या, म्हणजे लीगच्या दोन विभागांपैकी एकाच्या, अंतिम सामन्यापर्यंत नेला. ७ फेब्रुवारी २०१० रोजी सेंट्सनी सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला तेव्हा सामन्याचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ब्रीझच होता, आणि तो सामना झाला मायामीत, डॉल्फिन्सच्याच मैदानावर.

या निकालावरून डॉल्फिन्सच्या डॉक्टरांना वेड्यात काढण्याची रीत अमेरिकेतील क्रीडालेखनात रूढ आहे. ती अन्यायाची आहे. चहूबाजूंनी फाटलेली कूर्चा आणि दुखावलेले स्नायू घेऊन फेकीचा हात पुन्हा पहिल्यासारखा चालेल, असे दोन-अडीच महिन्यांनी छातीठोकपणे सांगणे कोणत्याही सावध वैद्याला जड गेले असते. न्यू ऑर्लिन्सच्या डॉक्टरांकडेही खात्री नव्हती. खांद्याबद्दलची शंका रास्त होती. गफलत झाली ती पुढच्या पायरीवर, जिथे एक दुखापत कठोर डोळ्यांनी तपासल्यावर दुसरीकडे आशेने पाहिले गेले. तीन लिगामेंट एकदम फाटलेला गुडघा हा काही कमी गंभीर प्रकार नव्हे. शिवाय कलपेपरची खेळण्याची पद्धत त्या गुडघ्यावर उभी होती. ब्रीझचा खेळ पायांच्या हालचालीतील नेमकेपणा, वेळेचे भान आणि अचूकता यांवर चालत असे. त्याच्या फेकीत कधीच फार जोर नव्हता, त्यामुळे थोडा जोर कमी झाला असता तरी बराच खेळ शिल्लक राहिला असता. कलपेपरकडून धावण्याची आणि अंगावरचे खेळाडू झटकण्याची ताकद काढून घेतली की उरणारा क्वार्टरबॅक कसा असेल, याची चुणूक दुखापतीआधीच्या सात सामन्यांत दिसली होती: त्याने ६ टचडाउन दिले होते आणि प्रतिस्पर्ध्यांच्या हाती १२ वेळा चेंडू सोपवला होता. रँडी मॉस हा त्याचा विलक्षण झेल घेणारा साथीदार त्या वर्षी दुसऱ्या संघात गेला होता, हे कारण त्यामागे होतेच. २००४ चे आकडे पाहून भाव ठरवताना मॉस त्या आकड्यांतून वजा करायला हवा होता.

इजा कोणत्या अवयवाला झाली एवढ्यावर जोखीम ठरत नाही. तो अवयव त्या खेळाडूच्या खेळात काय काम करतो, हे आधी पाहावे लागते. क्ष-किरण आणि चुंबकीय चित्रण या तपासण्या सांध्याची स्थिती दाखवतात. धावपळीत अंगावर माणूस येत असताना त्या सांध्यावर विसंबण्याचे धैर्य परत आले आहे की नाही, हे त्यांत दिसत नाही. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर खेळाडू वर्षभरात मैदानावर परततो, पण पूर्वीची चपळाई परतायला अनेकदा दुसरा मोसम उजाडावा लागतो. पहिल्याच मोसमासाठी दुसऱ्या फेरीचा हक्क मोजणाऱ्या संघाला हा कालावधी परवडणारा नसतो.

विक्रेत्याकडे किती माहिती आहे, हाही प्रश्न असतोच. ज्या संघाकडे खेळाडू आहे त्याच्या डॉक्टरांनी त्याला महिनोन्‌महिने पाहिलेले असते, तर घेणाऱ्याच्या डॉक्टरांना एखादा दिवस मिळतो. प्रत्येक अदलाबदल खेळाडू शारीरिक तपासणीत उत्तीर्ण होण्याच्या अटीवर होते खरी, पण उत्तीर्ण होणे आणि पूर्वीसारखे असणे यांत मोठे अंतर असते. कलपेपरने आपले उपचार व्हायकिंग्जच्या सुविधांपासून दूर, फ्लोरिडात घेतले होते, त्यामुळे त्या सौद्यात विक्रेत्यालाही गुडघ्याची खबर पुरती नव्हती. पण त्याला तो विकायचा होता, आणि विकणाऱ्याची घाई हीच कित्येकदा माहिती असते. दुखापत दडवली जाते याचा एक नोंदलेला दाखलाही आहे. २००८ मध्ये न्यूयॉर्क जेट्सच्या क्वार्टरबॅक ब्रेट फार्वचा उजव्या दंडाचा स्नायुबंध मोसमाच्या उत्तरार्धात फाटला असताना संघाने आठवड्याच्या जखमींच्या यादीत ते नीट नोंदवले नाही, म्हणून लीगने पुढच्या वर्षी संघ, त्याचा सरव्यवस्थापक आणि तेव्हाचा प्रशिक्षक यांना मिळून १ लाख २५ हजार डॉलर दंड केला.

न्यू ऑर्लिन्सने नेमके काय केले, ते पाहण्यासारखे आहे, कारण त्यांचे धाडस हे दिसते तेवढे आंधळे नव्हते. ब्रीझ मुक्त खेळाडू असल्याने ड्राफ्टचा एकही हक्क गेला नाही. ६ कोटींचा आकडा सहा वर्षांचा होता. पहिल्या वर्षी सुमारे १ कोटी डॉलर जाणार होते, आणि दुसऱ्या वर्षीचा मोठा हप्ता संघाने करार पुढे चालवायचे ठरवले तरच द्यावा लागणार होता. खांदा बरा झाला नसता तर एका वर्षाची रक्कम बुडाली असती, संघ बुडाला नसता. त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये सेंट्सकडे दुसऱ्या क्रमांकाची निवड होती, म्हणजे मार्चमध्ये ब्रीझ हाती लागला नसता तरी एप्रिलमध्ये तरुण क्वार्टरबॅक घेता आला असता. शिवाय नुकतेच नेमलेले प्रशिक्षक शॉन पेटन आणि उद्ध्वस्त शहरात परतणारा संघ यांच्याकडे गमावण्यासारखे फार थोडे होते. मायामीने २००५ च्या अखेरचे सहा सामने ओळीने जिंकले होते, आणि एकच माणूस मिळाला की शिखर गाठू या भावनेने पछाडलेला संघ खात्रीसाठी जास्त मोजतो. इथे तर त्याने खात्री समजून जी वस्तू घेतली तिच्यातही अनिश्चितताच होती.

जोखीम कमी करता येत नसेल तर तिचा बोजा कोणावर पडेल हे आधी ठरवता येते, ही समज पुढच्या काळातील करारांत स्पष्ट दिसते. मानेवर अनेक शस्त्रक्रिया झाल्यामुळे २०११ चा अख्खा मोसम बाहेर बसलेल्या पेटन मॅनिंगला इंडियानापोलिसने मार्च २०१२ मध्ये सोडले, तेव्हा डेन्व्हर ब्रॉन्कोजनी त्याच्याशी पाच वर्षांचा, ९ कोटी ६० लाख डॉलरचा करार केला. पण पहिल्या वर्षाचे १ कोटी ८० लाख एवढेच बिनशर्त होते, आणि पुढच्या दोन वर्षांची हमी २०१३ च्या मार्चमध्ये मान तपासून ती ठीक निघाली तरच लागू होणार होती. मॅनिंगने २०१३ मध्ये ५५ टचडाउन फेकले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये डेन्व्हरने सुपर बोल जिंकला. लास व्हेगास रेडर्सनी २०२३ मध्ये जिमी गरॉपलोला घेताना याहून कडक बंदोबस्त केला. त्याचा डावा पाय आदल्या डिसेंबरमध्ये मोडला होता आणि तो तपासणीत उत्तीर्ण होत नव्हता. करारावर सह्या करण्याचा कार्यक्रम ऐन वेळी पुढे ढकलला गेला, आणि शेवटी मुख्य करारामागे एक परिशिष्ट जोडले गेले. आपला पाय तपासणीत बसत नाही हे खेळाडूला मान्य आहे, त्या पायामुळे खेळता आले नाही तर संघ त्याला काही देणे न लागता काढू शकेल, आणि याबद्दल तो दावा करणार नाही, असा त्याचा आशय होता. कोट्यवधींचा मुख्य करार त्या परिशिष्टापुढे दुय्यम ठरला होता.

अदलाबदलीत हेच काम सशर्त निवडीचा हक्क करतो, म्हणजे खेळाडू किती खेळला यावर त्याची किंमत नंतर ठरते. ऑगस्ट २००८ मध्ये अडतीस वर्षांच्या फार्वला ग्रीन बेकडून घेताना जेट्सनी चौथ्या फेरीचा हक्क देऊ केला होता. फार्वने संघाच्या चढाईचे निम्मे डाव, म्हणजे चेंडू पुढे नेण्याचे निम्मे प्रयत्न, खेळले तर तो तिसऱ्या फेरीचा, सत्तर टक्के खेळून संघ बादफेरीत पोहोचला तर दुसऱ्या फेरीचा, आणि ऐंशी टक्के खेळून सुपर बोल गाठला तर पहिल्या फेरीचा होणार होता. जेट्सनी पहिल्या अकरा सामन्यांत आठ जिंकले, मग दंड दुखावलेल्या फार्वसह शेवटच्या पाचांत चार हरले, बादफेरी हुकली, आणि किंमत तिसऱ्या फेरीवर थांबली. पंधरा वर्षांनी त्याच जेट्सनी त्याच ग्रीन बेकडून एकोणचाळीस वर्षांचा ॲरन रॉजर्स घेतला, तेव्हा २०२४ चा दुसऱ्या फेरीचा हक्क रॉजर्सने पासष्ट टक्के डाव खेळल्यास पहिल्या फेरीचा होणार होता. ११ सप्टेंबर २०२३ रोजी, पहिल्या सामन्याच्या चौथ्या डावात, त्याची पोटरीला टाचेशी जोडणारी जाड शीर, म्हणजे अकिलिस टेंडन, तुटली आणि मोसम तिथेच संपला. अटीमुळे पहिल्या फेरीचा हक्क वाचला. मोसम वाचला नाही, आणि त्याला दिलेल्या कोट्यवधींच्या हमीचा बोजाही टळला नाही. अशी अट किंमत आवरते, पोकळी भरत नाही.

अशा अटींत एक विनोदही दडलेला असतो. इंडियानापोलिसने २०२१ मध्ये कार्सन वेन्ट्झला घेताना ठेवलेली अट अशी होती की त्याने पंचाहत्तर टक्के डाव खेळले तर दुसऱ्या फेरीचा हक्क पहिल्या फेरीचा होईल. मोसमापूर्वी त्याच्या पायावर शस्त्रक्रिया झाली, तरी तो सतराही सामने खेळला. पाय शाबूत राहिला म्हणून किंमत चढली, अखेरच्या सामन्यात तळाच्या जॅक्सनव्हिलकडून हरून संघ बादफेरीबाहेर राहिला, आणि दोन महिन्यांनी त्याने वेन्ट्झला दुसरीकडे पाठवले. दुखापतीची भीती धरून लिहिलेले कलम दुखापत झाली नाही म्हणून महाग पडले.

गरजवंताला अक्कल नसते, याचा दाखला व्हायकिंग्जनी २०१६ मध्ये घालून दिला. ३० ऑगस्टला सरावात, कोणाचा धक्काही न लागता, त्यांच्या टेडी ब्रिजवॉटरचा गुडघा निखळला. मोसम सुरू व्हायला आठ दिवस असताना त्यांनी सॅम ब्रॅडफर्डसाठी फिलाडेल्फियाला पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा हक्क आणि वर आणखी एक सशर्त हक्क दिला. ब्रॅडफर्डचा डावा गुडघा २०१३ आणि २०१४ अशा लागोपाठ दोन वर्षी फाटला होता, हे सगळ्यांना माहीत होते. त्याने २०१६ चा मोसम बऱ्यापैकी खेळला, पण २०१७ मध्ये दोन सामन्यांनंतर गुडघ्याने पुन्हा दगा दिला. फिलाडेल्फियाने त्या हक्कातून डेरेक बार्नेट हा बचावपटू निवडला, आणि फेब्रुवारी २०१८ च्या सुपर बोलमध्ये टॉम ब्रेडीच्या हातून निसटलेला निर्णायक चेंडू त्यानेच पकडला. तो सामना मिनियापोलिसमध्ये, व्हायकिंग्जच्या घरच्या मैदानावर झाला.

मायामीकडे परत यायचे, तर २००७ मध्ये त्या संघाने किमतीचा धडा घेतलेला दिसतो, इजेचा नाही. सेबन अलाबामा विद्यापीठाकडे गेले होते आणि त्यांच्या जागी कॅम कॅमेरन आले होते. त्यांनी कॅन्सस सिटीकडून ट्रेंट ग्रीन घेतला. तो पूर्वी वॉशिंग्टनमध्ये कॅमेरन यांच्या हाताखाली होता, छत्तीस वर्षांचा होता, आणि मोबदला पाचव्या फेरीच्या सशर्त हक्काएवढा माफक होता. पण ग्रीनला सप्टेंबर २००६ मध्ये कनकशन, म्हणजे डोक्याला हादरा बसून मेंदूचे कार्य काही काळ विस्कळित होण्याची इजा, इतकी जबर झाली होती की तो आठ सामने बाहेर होता. लिगामेंट शिवता येते, खांद्याला टाके घालता येतात. मेंदूचे तसे नाही, आणि एकदा असा हादरा बसलेल्या माणसाला पुन्हा तो बसण्याचा धोका वाढलेला असतो. ७ ऑक्टोबर २००७ रोजी ह्यूस्टनमध्ये एका बचावपटूला अडवायला ग्रीन स्वतः खाली झेपावला, डोक्यावर गुडघा बसला आणि त्याला स्ट्रेचरवरून नेण्यात आले. त्या वर्षी मायामीने सोळांपैकी एक सामना जिंकला. सौदा स्वस्त असला म्हणजे शहाणपणाचा ठरत नाही. माणसाच्या मेंदूवरची जोखीम ड्राफ्टच्या हक्कांत मोजणेच मुळात कठीण आहे, आणि अशा खेळाडूला मैदानात उतरवणाऱ्यावर केवळ हिशेबापलीकडची जबाबदारी येते.

२००८ मध्ये मायामीच्या फुटबॉल विभागाची सूत्रे बिल पार्सेल्स यांच्याकडे आली. ऑगस्टमध्ये जेट्सनी फार्व घेतला आणि त्याला जागा करण्यासाठी आपला क्वार्टरबॅक चॅड पेनिंग्टन याला करारमुक्त केले. पेनिंग्टनच्या फेकीच्या खांद्यावर २००५ या एकाच वर्षात दोनदा शस्त्रक्रिया झाली होती, आणि त्याचा हात अशक्त आहे हे लीगमध्ये जगजाहीर होते. त्याला २००० च्या ड्राफ्टमध्ये जेट्सनी निवडले तेव्हा तिथला कारभार पार्सेल्सच पाहत होते. त्यांनी दुसऱ्याच दिवशी त्याला दोन वर्षांसाठी करारबद्ध केले आणि एकही निवडीचा हक्क खर्च केला नाही. या खांद्याकडून काय अपेक्षा करायची नाही, हे आधी ठरवून मायामीचा खेळ आखला गेला: लांब फेकी कमी, मधल्या आणि जवळच्या अंतरावर अचूकपणा, धावण्यावर भर. पेनिंग्टनने दर शंभर फेकींपैकी सदुसष्ट साथीदारांच्या हाती पोहोचवल्या आणि अख्ख्या मोसमात फक्त सात प्रतिस्पर्ध्यांना दिल्या. आदल्या वर्षी एक सामना जिंकलेल्या संघाने अकरा जिंकले, आणि २८ डिसेंबरला अखेरच्या सामन्यात जेट्सनाच, फार्वसमोर, २४-१७ असे हरवून गटाचे विजेतेपद मिळवले. बादफेरीच्या पहिल्याच सामन्यात बाल्टिमोरने पेनिंग्टनकडून चार चेंडू हिसकावले, हेही खरे.

२००९ च्या तिसऱ्या सामन्यात तो खांदा पुन्हा गेला. पार्सेल्स यांच्या लोकांनी मात्र २००८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे पेनिंग्टन मिळण्याच्याही आधी, दुसऱ्या फेरीत चॅड हेनी हा तरुण क्वार्टरबॅक घेऊन ठेवला होता. पेनिंग्टन बाहेर गेला त्या आठवड्यापासून हेनी खेळू लागला आणि दोनच सामन्यांनंतर त्याने जेट्सना ३१-२७ असे हरवले. हेनी पुढे मोठा खेळाडू झाला नाही आणि मायामीचा त्या वर्षीचा मोसम ७-९ असा सामान्य गेला. पण २००६ मध्ये जे दुसऱ्या फेरीचे हक्कपत्र कलपेपरच्या गुडघ्यावर खर्च झाले होते, त्याच मोलाचे हक्कपत्र या वेळी जखमी माणसाच्या मागे उभे राहणाऱ्या माणसावर लावले गेले होते.